दत्तजयंतीच्या आत

कुसगाव,
मंगळवार, ६ ऑगस्ट २०२४

ती. आक्कास,
धाकट्या केरबाचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. मी ठीक आहे, म्हणजे मशीनवर पडलेला माणूस जेवढा ठीक असतो तेवढा. परवा फोन केला तर तू नुसती रडलीस, मग दाजींनी फोन घेऊन गिरणीचा पट्टा तुटल्याचं सांगितलं आणि कामाचं बोलणं राहूनच गेलं. म्हणून आता लिहायचं ठरवलं. मंगळवारी आणि शुक्रवारी चार-चार तास डायलिसिसला पडून असतो. डाव्या हातात सुया, उजवा मोकळा. सारखा मोबाइल बघून डोकं दुखतं. शाळेत तुझ्या अक्षराला बक्षीस मिळायचं, तेव्हा उत्तरही कागदावरच पाहिजे.

कामाचं असं आहे. तुझे सगळे रिपोर्ट आले. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. बायको म्हणून आधी बबिताच पुढं आली, पण तिला शुगर असल्यामुळे तिची किडनी चालत नाही, हे तुला माहीतच आहे. आता जुळणारं माणूस तू एकटीच. पण तुझं वजन शहाऐंशी किलो आहे आणि ते बहात्तरवर आल्याशिवाय डॉक्टर तुझ्या ऑपरेशनला हात लावणार नाहीत. पुढं तुलाच त्रास होईल म्हणतात. चौदा किलो, आक्का. तुमच्या गिरणीत दळणाचा भरलेला एक डबा होईल.

हे लिहिताना लाज वाटते. बहिणीला साडीचोळी करायची, तर मी तिच्या पोटातली किडनी मागतोय. बीपीची गोळी रोज घे म्हणून तू किती वर्षं कानीकपाळी ओरडलीस. मी हॉटेलच्या भट्टीपुढं छाती काढून सांगायचो की आचाऱ्याला कसलं आलंय बीपी. आता पश्चात्ताप म्हणजे वरातीमागून घोडं. तुला नको वाटलं तर सरळ नको म्हण. मी रुसणार नाही.

दाजींना नमस्कार, आकाशला आणि सूनबाईला आशीर्वाद. बबिता तुला नमस्कार सांगते. माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
केरबा


इंदुरी,
१६ ऑगस्ट २०२४

चि. केरबास,
रतनआक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

नको वाटलं तर नको म्हण, असं लिहिताना तुझा हात झडला कसा न्हाई रे? आई गेली तवा तू अडीच वर्षांचा. तुला कडंवर घेऊन मी चौथी शिकले. गुरुजी म्हणायचे, रतन, हे गाठोडं खाली ठेव. मी ठेवलं न्हाई. तवा तुझं वजन मी उचललं, आता माझं तू मोज.

वजन का वाढलं म्हणून डॉक्टरीणबाईंनी इचारलं, तर मला सांगता येईना. मी काय हॉटेलात जेवते का? पण घरी येऊन इचार केला. शाळेत पोरांची खिचडी मीच शिजवते, तवा चव बघावी लागती. घरी आलं की नातवाच्या ताटातला भात, दाजींनी ठेवलेली अर्धी भाकरी, आकाशच्या डब्यातनं परत आलेली भाजी, सगळं माझ्याच पोटात. अन्न टाकवत न्हाई रे. सगळ्यांचं उरलंसुरलं संपवता संपवता मी ही अशी झाले. या सोमवारी पहिल्यांदा उरलेली भाकरी कुत्र्याला घातली, तर चोरी केल्यावानी इकडंतिकडं बघितलं.

रोज सकाळी घरापासनं इंद्रायणीच्या पुलापतुर चालत जाते आणि येते. बायका इचारतात, रतनबाई, म्हैस हरवली का? मी म्हणते, व्हय, तिलाच घालवायला निघालेय. गुरुवारी लाइट नसती, गिरणी बंद असती. तवा पोत्यांच्या काट्यावर मी उभी ऱ्हाते. दाजी वजनं ठेवतात आणि तोंड फिरवून हसतात. कालच्या गुरुवारी पंच्याऐंशी भरलं. एक किलो गेला बघ!

गोळ्या घे. पाणी डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच पी. बबितास आशीर्वाद. आक्काची काळजी करू नको, पण आठवण काढत जा.

तुझी,
रतनआक्का


इंदुरी,
१५ सप्टेंबर २०२४

चि. केरबास अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही कार्डं पोचली. दोन्हीत एकच प्रश्न, काटा काय म्हणतो? काटा काय म्हणंल, माझ्या नावानं शंख करतोय. श्रावणात त्र्याऐंशीवर आले होते. मग गणपती आले, गौरी आल्या. गौरी जेवल्या आणि मी बी जेवले. सोळा भाज्या, पुरणपोळी, घावन. देवीचा परसाद न्हाई कसा म्हणायचा? या गुरुवारी परत पंच्याऐंशी. मी दोन येळा उतरून परत चढले. दाजी या खेपेला हसले न्हाईत, त्याचंच जास्ती वाईट वाटलं.

खरं सांगते, मन मरगळलंय. पयल्या महिन्यात उत्साह होता, आता पहाटं डोळा उघडला की पाय म्हणतात, आज नको. एक दिस चुकलं की दुसरं बी चुकतं. भाकरी एकच खाते, तरी पोटात आग पडती आणि मग शेंगदाण्याच्या डब्यात हात जातो. खाऊन झालं की तू डोळ्यापुढं येतोस. हातात सुया घालून पडलेला. मग रडते. रडलं की परत भूक लागती. काय करावं?

दिवाळी झाली की नेटानं धरते. थंडीत चालायला बी बरं वाटतं. चिडू नको. आक्का तुझी आळशी हाय, पण तुझीच हाय.

रतनआक्का


कुसगाव,
शुक्रवार, २० सप्टेंबर २०२४

ती. आक्कास सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चिडलो नाही. पण दिवाळीनंतर म्हणू नकोस.

सांगणार नव्हतो, पण आता सांगावं लागतंय. डॉक्टरांनी तारीख दिली आहे. दत्तजयंतीच्या आत तुझं वजन बहात्तर झालं पाहिजे. त्यानंतर ते मोठे डॉक्टर वर्षभर परदेशी जाणार आहेत आणि आपला नंबर मागं पडणार. मागं पडला तर किती मागं, ते कुणी सांगू शकत नाही. माझ्या शेजारच्या मशीनवर वडगावचे एक मास्तर असायचे. त्यांचा नंबर असाच मागं पडला. गेल्या मंगळवारपासून त्या पलंगावर दुसरा माणूस येतो.

तुला घाबरवायचं नाही. बारा-तेरा आठवडे आहेत, तेरा किलो आहेत. आठवड्याला एक. एवढं तर माझी आक्का हसत करेल. पुरणपोळी पुढच्या वर्षी दोघं मिळून खाऊ. मी स्वतः लाटीन, हॉटेलसारखी पातळ.

काटा काय म्हणतो ते दर आठवड्याला कळव. तुझ्या आकड्यावर आमचं घर चाललंय. बबिता भिंतीवर खडूनं लिहून ठेवते.

तुझा,
केरबा


इंदुरी,
१६ ऑक्टोबर २०२४

चि. केरबास अनेक आशीर्वाद.

बबिताला म्हणावं, खडू हातात घे आणि लिही, अठ्ठ्याहत्तर! एका महिन्यात सात किलो. दाजींनी वजनं तीनदा बदलून बघितली. त्यांना वाटलं काटाच बिघडला.

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवण गेलं न्हाई. मास्तरांचा पलंग सारखा डोळ्यापुढं. मी मनाशी म्हणलं, रतन, आता बास झालं लाड. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास केला. दरवर्षी करते तसला न्हाई, साबुदाण्याची खिचडी, रताळी आणि बटाट्याचा कीस, उपासाच्या नावाखाली दुप्पट खायचं. या खेपेला एक येळ ताक आणि बास. पाणी बी बेतानंच.

कसं जमवलं ते इचारू नको, ऑपरेशन झालं की सांगन. भूक म्हणून लागत न्हाई. तोंडाला कोरड पडती, सांजच्याला पाय जड होतात, पण काटा उतरतोय त्यापुढं बाकीचं काय. जुना बिलाऊज आत घालून शिवून घेतला. शाळेतल्या बाई म्हणल्या, रतनबाई, तुमी तर नवरीवानी दिसाया लागल्या. मी म्हणलं, दत्तजयंतीला लगीन हाय माझं.

तू आता नुसता तयार ऱ्हा. आक्कावर भार टाक.

तुझी,
रतनआक्का


कुसगाव,
मंगळवार, २९ ऑक्टोबर २०२४

ती. आक्कास सा. न. वि. वि.

आज धनत्रयोदशी. मशीनवर पडल्या पडल्या तुझं पत्र सगळ्या वॉर्डला वाचून दाखवलं. सिस्टरसुद्धा टाळ्या वाजवत होत्या. आकाशचा फोन आला, आता पंचाहत्तर झालं म्हणे! अगं, तू तर रेल्वे निघालीस. तीन किलो राहिले, तीन!

बबितानं भिंतीवर तो आकडा एवढा मोठा लिहिलाय की दिवाळीला आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो. किती तरी महिन्यांनी मी रात्री नीट झोपलो. भाऊबीजेला येतोच आहे. ओवाळताना ताटात काही गोड ठेवू नकोस, दोघांनाही चालणार नाही. सुपारी ठेव.

तुझा,
केरबा


इंदुरी,
४ डिसेंबर २०२४

चि. केरबास,
आशीर्वाद लिहायला हात उचलत न्हाई, तरी लिहिते.

काल आकाश मला तपासणीला घेऊन गेला होता. वजन सत्तर भरलं. मी खुर्चीत बसून हसत होते. मग रक्ताचा कागद आला आणि डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. त्यांनी इचारलं, तुमी काय घेताय? मी म्हणलं, काय न्हाई. त्यांनी परत इचारलं. आकाशला बाहेर पाठवून तिसऱ्यांदा इचारलं, तवा सांगितलं. तुलाबी सांगते.

सोमाटण्याला बाजारात एक बाई पुड्या देती, वजन उतरवायच्या. आमच्या गल्लीतल्या दोघीतिघी घेतात. सकाळी-सांज एक पुडी, वरनं पाणी कमी प्यायचं, म्हणजे लवकर उतरतं म्हणली. तुझं तारखेचं पत्र आल्यावर दुसऱ्याच दिवशी गेले आणि घेऊन आले. लघवीला सारखं व्हायचं, जुलाब व्हायचे, काटा उतरायचा. मला वाटलं चरबीच निघून चालली. भाऊबीजेला तू इचारलंस, आक्का, तोंड का उतरलंय, पाय का सुजलेत. मी म्हणलं उपासानं. ओवाळताना भावापुढं खोटं बोलले.

माझ्या किडन्यांना मार बसलाय, केरबा. डॉक्टरीणबाई म्हणल्या की औषधपाण्यानं बऱ्याचशा सुधारतील, पण आता तुमच्या दोन्ही तुमालाच लागणार, त्यातली एक कुणाला देता येणार न्हाई. आज न्हाई, पुढं बी न्हाई. मी त्यांचे पाय धरले. म्हणलं, तुमच्या मोठ्या डॉक्टरांची दत्तजयंतीची तारीख गाठायची म्हणून केलं वो. त्या माझ्याकडं बघतच ऱ्हायल्या.

द्यायची वस्तू मीच माझ्या हातानं नासली. कुणी देवाला फुटका नारळ देतं का? तुला फोन करायची छाती झाली न्हाई. आकाशला बी म्हणलं, मामाला मीच कळवते. तू मला काय बोलायचं ते बोल, मार म्हणलास तर मार खाते. पण अबोला धरू नको.

तुझी करंटी,
रतनआक्का


कुसगाव,
मंगळवार, १० डिसेंबर २०२४

ती. आक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार. आज खरोखरच तुझ्या पायावर डोकं ठेवून लिहितोय.

तू करंटी नाहीस. करंटा मी. डॉक्टरीणबाई तुझ्याकडं बघत राहिल्या, कारण तारीख त्यांनी दिलीच नव्हती. कुणीच दिली नव्हती. कुठलेही मोठे डॉक्टर परदेशी चाललेले नाहीत. ते मी रचलं.

हॉटेलात माझी एक सवय होती. पार्टी आठ वाजताची असली की मी किचनमधल्या पोरांना साडेसात सांगायचो. खरी वेळ सांगितली तर कुणी हलत नाही, अलीकडची सांगितली की पळतात आणि आठला ताट बरोबर लागतं. वीस वर्षं हेच केलं. कधी चुकलं नाही, त्याची मला घमेंड होती. दिवाळीनंतर बघू असं तुझं पत्र आलं आणि मी पोरांना सांगावी तशी तुला अलीकडची वेळ सांगितली. मास्तर गेले ते खरं, पण नंबरामुळे नाही, हृदयाच्या झटक्यानं गेले. त्यांचं मरणसुद्धा मी तुला हाकायला वापरलं.

डॉक्टर मला काय म्हणाले होते, ते ऐक. ते म्हणाले होते की बहिणीला सांगा, सावकाश उतरवा, वर्ष लागलं तरी चालेल, तोवर तुम्ही डायलिसिसवर निभावाल, घाई केली तर त्यांनाच बाधेल. शब्द न शब्द हेच. मी मान हलवली, घरी आलो आणि तुला उलटं लिहिलं. मला वर्षभर त्या सुया नको होत्या, आक्का. घाई डॉक्टरांना नव्हती, मला होती.

आणि भाऊबीजेला तू खोटं बोललीस म्हणतेस, पण मला दिसत नव्हतं का? तुझ्या पायावर बोट दाबलं तर खळगा पडत होता. अशी सूज मी दोन वर्षं स्वतःच्या पायावर बघतोय. मला कळलं होतं की काहीतरी चुकतंय. पण तेवढ्यात आकाशनं तुझा आकडा सांगितला आणि मी गप्प बसलो. सूज बघितली आणि आकड्यावर खूश झालो. हे मला मरेपर्यंत पुरेल.

बबिताला काल सगळं सांगितलं. तिनं ओलं फडकं घेऊन भिंत पुसली. माझं नाव किडनीसाठीच्या सरकारी यादीत घातलंय, त्याला किती वर्षं लागतील माहीत नाही. तू माफ कर असं म्हणायचं तोंड मला नाही. फक्त तुझ्या गोळ्या वेळेवर घे.

अपराधी,
केरबा


इंदुरी,
८ जानेवारी २०२५

चि. केरबास,
आशीर्वाद. ते काय तुझ्या वागण्यावर अवलंबून न्हाईत, म्हणून लिहिते.

महिनाभर उत्तर दिलं न्हाई. आकाशकडून निरोप पाठवलास, त्यालाबी दिलं न्हाई. राग आला होता, आणि अजून गेलेला न्हाई. तुझं पत्र दाजींनी वाचलं आणि म्हणले, गाढव मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं. मी म्हणलं, शिंगराला हेलपाटा घालणारा बी आमच्याच घरचा.

तू मला किचनातली पोरं समजलास, हे मला लय लागलंय. पुड्या मी घेतल्या, ती चूक माझी, तुझ्या पदरात टाकणार न्हाई. पण मी गौरीचं जेवले, दोन किलो वाढले, मरगळले, म्हणून तुला वाटलं की हिला चाबूक मारल्याबिगर ही हलायची न्हाई. अरे, मरगळ येती आणि जाती. मी त्या पत्रात रडले होते, थांबले नव्हते. ते पत्र टपालात टाकून मी पुलापतुर चालत गेले होते. तुला लिहिलं न्हाई, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? मला तारीख कशाला पाहिजे होती रे? तू होतास की.

वर्ष लागलं असतं तर वर्षभर चालले असते. मग येत्या आगष्टात आपण दोघं दवाखान्यात शेजारी-शेजारी पडलो असतो. हे मनात येतं आणि मग रातभर डोळ्याला डोळा लागत न्हाई.

माझा कागद थोडा सुधारलाय. चालणं बंद केलेलं न्हाई. चालून तुला काय मिळणार न्हाई, हे ठावं हाय, तरी पहाटं पाय आपोआप निघतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज तीन लिटर पाणी प्या, मोजून. आणि तुला दिवसाला दोन फुलपात्री. तांब्या तोंडाला लावला की तुझी दोन फुलपात्री आठवतात. तरी पिते. तुझ्या गेल्या, माझ्या तरी नीट ठेवायच्या.

संक्रांत मंगळवारी येती, तो तुझा मशीनचा दिस. बुधवारी किंक्रांत हाय. त्या दिशी लोक घरातनं बाहेर पडत न्हाईत, काय शुभ करत न्हाईत. आपलं आता आणखी काय वाईट व्हायचंय? तर बुधवारी ये. तीळ तुला चालत न्हाईत, गूळ बी न्हाई, म्हणून हातावर ठेवायला माझ्याकडं काय असणार न्हाई. गोड बोल असं म्हणायला बी जमायचं न्हाई मला एवढ्यात. पण तू माझ्यापुढं येऊन बस. किती दिस तुला बघायचं हाय ते मला म्हाईत न्हाई, आणि या खेपेला कुणी मला तारीख सांगू नये.

बबिताला घेऊन ये. रागावलेली असली तरी,

तुझीच,
रतनआक्का